जीव सक्तीने, पैसा खुशीने

देणगी आणि नाव यांचे नाते आपल्याकडे मोठे गमतीचे आहे. कोणत्याही जुन्या शाळेत जा किंवा देवळाच्या सभामंडपात जा, आणि मान वर करून पंख्याकडे पाहा. पात्यावर लाल रंगात लिहिलेले असते : 'अमक्याच्या स्मरणार्थ तमक्याकडून सप्रेम भेट.' पंखा बंद असला की नाव वाचता येते. पंखा सुरू झाला, म्हणजे देणगीचा उपयोग सुरू झाला, की नाव दिसेनासे होते! शिक्षकी पेशात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे असे पंखे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि मी त्यांना हसत नाही. नावाची हौस नसती तर कितीतरी वर्गांतली मुले उकाड्यातच बसली असती.

तरीही दानाला नाव असावे की नसावे, हा प्रश्न मनातून जात नाही. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्याला आपण दान म्हणतो ते खरोखरच दान असते, की ते आपले देणेच असते? मराठी भाषा मोठी चतुर आहे. 'देणे' हा एकच शब्द ती हाताने देण्यालाही वापरते आणि डोक्यावरच्या कर्जालाही. या दोन अर्थांच्या मधल्या फटीत उभ्या असलेल्या एका इंग्रज गृहस्थाविषयी आज चार शब्द लिहावेत, असे वाटले.

24 जून 1919 रोजी लंडनच्या 'टाइम्स' पत्रात एक पत्र प्रसिद्ध झाले. पहिले महायुद्ध थांबून सात महिने झाले होते आणि व्हर्सायच्या तहावर सह्या व्हायला चार दिवस उरले होते. पत्रलेखकाने लिहिले होते ते थोडक्यात असे. युद्धामुळे देश कर्जात बुडाला आहे. धनिक वर्गाला देशसेवेची अशी संधी पुन्हा येणार नाही. श्रीमंतांनी आपण होऊन स्वतःवर कर बसवून घ्यावा. 'मी माझ्या मालमत्तेचा शक्य तितका काटेकोर हिशेब केला, ती सुमारे 5 लाख 80 हजार पौंडांची भरली. तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे साधारण 1 लाख 20 हजार पौंड मोकळे करून त्यातून मी नव्या सरकारी कर्जाचे दीड लाख पौंडांचे रोखे विकत घेणार आहे, आणि ते रद्द करण्यासाठी सरकारच्या स्वाधीन करणार आहे,' हा त्यातला मुख्य मजकूर.

व्यवहार कसा, तो वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. त्या वेळी शंभर पौंडांचा रोखा ऐंशीला मिळत होता, म्हणून एक लाख वीस हजारांत दीड लाखांचे रोखे आले. सरकारला कर्ज द्यायचे, वर्षानुवर्षे व्याज घ्यायचे आणि मुदतीअंती मुद्दल परत घ्यायचे, असा सावकारीचा सरळ मार्ग समोर असताना या माणसाने कर्ज दिले आणि कर्जखत फाडून टाकले.

पत्राखाली नाव नव्हते. एफ. एस. टी. अशी तीनच अक्षरे होती.

ही अक्षरे माणसाच्या नावाची नव्हती, ती हुद्द्याची होती. 'फायनान्शियल सेक्रेटरी टू द ट्रेझरी', म्हणजे अर्थखात्यातला दुय्यम मंत्री. त्या खुर्चीवर तेव्हा स्टॅन्ले बॉल्डविन बसलेले होते. चार वर्षांत हेच गृहस्थ ब्रिटनचे पंतप्रधान झाले, आणि एकदा नव्हे, तीनदा. आमच्या पाठ्यपुस्तकांत बॉल्डविन यांना मिळाली तर एखादी ओळ मिळते, तीही 1936 साली आठव्या एडवर्ड राजाने सिंहासन सोडले त्या प्रकरणात. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत विचार करण्याजोगे प्रकरण हे तीन अक्षरांचेच आहे.

बॉल्डविन यांचा जन्म 3 ऑगस्ट 1867 चा, वूस्टरशायर परगण्यातल्या ब्यूडली गावचा. घराणे लोखंडाच्या कारखानदारांचे. वडील आल्फ्रेड बॉल्डविन हे कारखानदार, ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे अध्यक्ष आणि ब्यूडलीचे खासदार. मुलगा हॅरोच्या नामांकित शाळेत आणि पुढे केंब्रिजला गेला. तेथे इतिहासाच्या परीक्षेत त्याला तिसरा वर्ग मिळाला. (माझ्या वर्गातल्या मुलांना हे मी आवर्जून सांगतो. पालकांना सांगत नाही.) मग वडिलांच्या हाताखाली कारखान्यात जवळजवळ वीस वर्षे गेली. विल्डन येथील तो कारखाना जुन्या वळणाचा होता. मालकाला कामगार नावाने ठाऊक, त्यांची घरे-मुलेबाळे ठाऊक. पुढे पंतप्रधान असताना 1925 च्या मार्च महिन्यात पार्लमेंटात केलेल्या एका गाजलेल्या भाषणात बॉल्डविन यांनी त्या दिवसांचे चित्र मोठ्या मायेने उभे केले होते.

तरुणपणी काही काळ माल्व्हर्न येथील तोफखान्याच्या स्वयंसेवक दलात ते सेकंड लेफ्टनंट होते. ही स्वयंसेवक दले म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक खास इंग्रजी चीज. 1859 साली फ्रान्सची स्वारी येते की काय, या धास्तीने ती निघाली. वकील, दुकानदार, कारखान्यांतले मुकादम आणि मालकांची मुले आपापला धंदा सांभाळून फावल्या वेळात कवायत करीत, गोळीबार शिकत. भरतीची सक्ती कोणावरही नव्हती. सक्तीने शिपाई गोळा करणे हे युरोपातल्या राजांना शोभते, स्वतंत्र इंग्रज माणूस देशासाठी आपण होऊन उभा राहतो, असा त्या पिढीला अभिमान होता. बॉल्डविन यांची लष्करी कारकीर्द नाव घेण्याजोगी नाही. पण जे करायचे ते कोणी न सांगता करायचे, ही त्या दलांमागची वृत्ती त्यांच्या अंगात मुरली असावी असे मला वाटते. 1919 चे पत्र त्याच वळणाचे आहे.

वडील 1908 साली वारले आणि त्यांच्या जागी मुलगा पार्लमेंटात बिनविरोध गेला. 1914 साली युद्ध पेटले तेव्हा बॉल्डविन 47 वर्षांचे होते. खंदकात जाण्याचे वय उलटले होते आणि घरचा धंदा लोखंड-पोलादाचा! युद्धात पोलादाला काय भाव येतो हे सांगायला नको. जी लढाई इतरांची मुले खात होती, तीच लढाई मालकाच्या खात्यावर रक्कम जमा करीत होती.

या ठिकाणी आपल्या मुंबईशी असलेला एक धागा येतो. बॉल्डविन यांची आई लुइझा आणि रुड्यार्ड किपलिंग यांची आई ॲलिस या सख्ख्या बहिणी. किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मले, त्यांचे वडील तेव्हा जे. जे. कलाशाळेत शिकवीत होते. साम्राज्याची तुतारी फुंकणाऱ्या या मावसभावाने अधू डोळ्यांमुळे नाकारल्या गेलेल्या आपल्या मुलाला, जॉनला, ओळखी लावून पलटणीत अधिकारी म्हणून घुसवले. 1915 च्या सप्टेंबरात लूसच्या लढाईत तो पडला. वय जेमतेम अठरा. किपलिंग जिवंत असेपर्यंत त्याचा देह ओळखला गेला नाही. बॉल्डविन यांचा मुलगा ऑलिव्हर लढाईवर जाऊन परत आला. दोन मावसभाऊ होते. एकाचा मुलगा गेला. दुसऱ्याचा मुलगा राहिला आणि धनही वाढले. अशा माणसाला रात्री झोप कशी लागत असेल, याचा विचार केला म्हणजे ते पत्र कोठून आले हे समजू लागते.

1918 च्या डिसेंबरात निवडून आलेल्या पार्लमेंटात युद्धावर गब्बर झालेल्या निबर चेहऱ्यांची गर्दी आहे, अशा आशयाचे उद्गार अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी एका मित्राच्या तोंडचे म्हणून नोंदवले. तो मित्र बॉल्डविनच, असे मानले जाते. बोलणाऱ्याचा स्वतःचा चेहरा आरशात त्याला कसा दिसत होता, ते त्या पत्रात आहे.

आता नावाचा प्रश्न. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे आपण म्हणतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे कर्तव्य आहे म्हणून दिलेले, स्थळ-काळ-पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश देत दिलेले ते राजस. या कसोटीवर बॉल्डविन यांचे दान कोठे बसते? त्यांनी नाव लपवले, पण कृत्य लपवले नाही. ते गुपचूप रोखे विकत घेऊन सरकारजमा करू शकले असते. त्यांनी ते देशातल्या सर्वांत वजनदार पत्रात छापले, आकड्यांसकट. हुद्द्याची आद्याक्षरे खाली टाकली, म्हणजे जाणत्याला ओळखता यावे इतपत पडदा किलकिला ठेवला. एखाद्या शिक्षकाने वर्गणीच्या यादीत आपल्या नावाऐवजी 'मु. अ.' असे लिहावे, त्यातला हा प्रकार. शाळेबाहेरच्यांना कळणार नाही, शिपायाला मात्र नक्की कळेल.

तरीही मी त्यांना दांभिक म्हणणार नाही. त्यांची अडचण खरी होती. आपल्या एकट्याच्या देण्याने काही होत नाही हे अर्थखात्यात बसणाऱ्या माणसाला दिसत होते. 1914 साली ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज 65 कोटी पौंडांच्या आसपास होते. युद्धानंतर ते 700 कोटींच्या वर गेले होते. दीड लाखांचे रोखे फाडणारे चाळीस-पन्नास हजार बॉल्डविन निघाले असते तर ते फिटले असते! म्हणून इतरांनी अनुकरण करणे हाच त्या दानाचा हेतू होता. अनुकरणासाठी कृत्य दिसायला हवे. नाव दिसले तर मंत्रिपदाच्या शिडीची पायरी ठरेल, आणि नाव न दिसले तर उदाहरणाला वजन येणार नाही. अशा कात्रीत सापडलेल्या माणसाने तीन अक्षरांचा तोडगा काढला. तोडगा बरा होता. यश मात्र आले नाही. श्रीमंतांपैकी फार थोडे पुढे आले, आणि जे जमले ते त्या डोंगरापुढे मूठभर मातीइतकेच होते. पुढे नाव फुटले आणि बॉल्डविन यांची सचोटीचा माणूस म्हणून ख्याती झाली. म्हणजे जे फळ नको होते ते मिळाले, आणि जे हवे होते ते मिळाले नाही.

येथपर्यंत गोष्ट एका चांगल्या माणसाची झाली. माझ्या मनातला खरा वाद यापुढचा आहे.

इंग्रजांचा तो स्वयंसेवकपणाचा अभिमान महायुद्धात कोठवर टिकला? पहिल्या दीड वर्षात सुमारे पंचवीस लाख लोक आपण होऊन सैन्यात गेले. जगाच्या इतिहासात अशी खुशीची भरती क्वचितच झाली असेल. पण खंदकांची भूक मोठी होती. 1916 च्या जानेवारीत पार्लमेंटाने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. आधी अविवाहित, मग काही महिन्यांत विवाहितही. खुशीने पुरेसे लोक येत नाहीत म्हटल्यावर राज्याने माणसाच्या देहावर हक्क सांगितला. खाणीतला मजूर, गवंडी, कारकून यांच्या घरी हुकूम जाऊ लागले. त्यांतले किती परत आले नाहीत हे मोजायचे तर ब्रिटनची एकूण जीवहानी सात लाखांच्या वर आहे.

पैशाच्या बाबतीत काय झाले? अन्याय नको म्हणून हेही सांगितले पाहिजे की युद्धकाळातल्या जादा नफ्यावर 1915 पासून कर होता आणि तो वाढत जाऊन शेवटी शंभरातले ऐंशी घेण्यापर्यंत गेला. प्राप्तिकरही वाढला. पण साठलेल्या संपत्तीला कायद्याने हात लागला नाही. ती उसनी घेतली, 1917 च्या मोठ्या कर्जावर तर शेकडा पाच टक्के व्याज देऊन. शिपायाचा प्राण सरकारने बिनव्याजी घेतला, आणि तो परत करण्याचा करारही नव्हता. मजूर पक्षाने मोठ्या संपत्तीवर एकदाच एक भारी कर बसवून कर्ज फेडावे अशी मागणी केली. युद्धात वाढलेल्या संपत्तीवर कर बसवता येईल का, हे पाहण्यासाठी 1920 साली पार्लमेंटाची समिती बसली. मंत्रिमंडळाने शेवटी नकार दिला. ज्या सरकारने तो नकार दिला त्याच सरकारात बॉल्डविन होते.

म्हणून मी म्हणतो, पत्र जितके उदात्त आहे तितकेच ते अपुरे आहे. जेथे देणे आहे तेथे दानाचे आवाहन करून भागत नाही. शंभर कर्जदारांपैकी एकाने हिशेब चुकता केला आणि नव्याण्णवांना 'बघा, तुम्हीही करा' असे सांगितले, तर सावकार हसेल. नव्याण्णवांचे काही अडत नाही, उलट त्या एकाचे कौतुक करून त्यांना पुण्य लागल्यासारखे वाटते! सज्जनांच्या खुशीवर राज्य चालवले म्हणजे सज्जनांनाच दुप्पट भार पडतो. आमच्याकडे ध्वजदिनाच्या निधीचे डबे वर्गावर्गांतून फिरतात. कोणता मुलगा टाकेल हे मला आधी सांगता येते, आणि तो बहुधा ज्याच्याकडे जास्त आहे तो नसतो.

उलट बाजूही आहे, ती मी नाकारीत नाही. कायद्याने घेतलेल्या पैशात देणाऱ्याचे मन नसते. कर भरणारा पळवाटा शोधतो, देणारा शोधत नाही. बॉल्डविन यांनी तो हिशेब केला असेल त्या रात्री त्यांच्या मनात जे घडले असेल, ते कोणत्याही कायद्याने घडवता येत नाही. पण मन घडण्याची वाट पाहत रणांगणावरच्या मुलांना थांबवले नव्हते. मग तिजोऱ्यांनाच ही सवलत का?

आणि या सगळ्या हिशेबात आपलाही एक आकडा आहे. 1917 साली हिंदुस्थानाने युद्धखर्चासाठी ब्रिटनला 10 कोटी पौंडांची 'देणगी' दिली. ही रक्कम हिंदुस्थान सरकारच्या जवळजवळ वर्षभराच्या उत्पन्नाएवढी होती. देणाऱ्याला कोणी विचारले होते? रयतेला तर नाहीच. पुढच्याच वर्षी मानमोडीच्या साथीने गावेच्या गावे झोपली. हे दान की देणे, याला शब्दकोशात तिसराच शब्द शोधावा लागेल.

माणसेही गेली. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, त्यामुळे आपल्या भागात पलटणीची ओळख घरोघर आहे. 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला अन्न संपून शरणागती झाली, आणि कैदेत पुष्कळ जण मेले. कोकणात, दक्षिण महाराष्ट्रात काही गावांच्या चावडीवर वा शाळेच्या भिंतीवर इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी आजही दिसते. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असा त्यावर मजकूर. फक्त आकडे. नाव एकाचेही नाही. खरे गुप्तदान पाहायचे असेल तर ते तेथे आहे. त्यांना निनावी राहण्याचा निर्णय घ्यावा लागला नाही.

बॉल्डविन यांचे पुढचे आयुष्य सांगण्यात फार वेळ घालवीत नाही. मालकांनी समजूतदारपणा दाखवावा ही त्यांची आशा 1926 च्या खाणीच्या संपात पुन्हा एकदा फोल ठरली. खाणमालक ऐकेनात आणि महिन्यांमागून महिने उपाशी राहून कामगारांनाच खाली यावे लागले. हिंदुस्थानाला टप्प्याटप्प्याने अधिकार द्यावेत या बाबतीत ते चर्चिलच्या विरोधात उभे राहिले आणि 1935 चा कायदा त्यांच्या पाठिंब्याने झाला. तरी आधी एकही हिंदी सभासद नसलेले सायमन कमिशन 1927 मध्ये नेमले तेही त्यांच्याच सरकारने. 1937 साली ते निवृत्त होऊन उमराव झाले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, देशाला वेळीच शस्त्रसज्ज केले नाही म्हणून सगळा राग त्यांच्यावर फिरला.

त्या युद्धात सरकारला भंगार लोखंड हवे होते. घराघरांची कुंपणे, फाटके उतरवून नेण्याचे काम चालू होते. वूस्टरशायरमध्ये ॲस्टली हॉल या बॉल्डविन यांच्या घराला लोखंडी फाटके होती. 1942 साली तीही मोजली गेली. वृद्ध बॉल्डविन यांनी कारागिरीच्या दृष्टीने ती मोलाची आहेत म्हणून सूट मागितली. पाहणी करणाऱ्या वास्तुतज्ज्ञाचे मतही सूट द्यावी असेच पडले. वरच्या खात्याने ते मानले नाही. प्रश्न पार्लमेंटात गेला, तेव्हा एका सभासदाने टोमणा मारला : जमावाच्या न्याय्य संतापापासून वाचायला लॉर्ड बॉल्डविनना फाटके लागतीलच की!

ज्या माणसाने कोणी मागितले नसताना संपत्तीचा पाचवा हिस्सा काढून दिला होता, त्याच माणसाने सरकार दाराशी आल्यावर चार फाटकांसाठी अर्ज केला. चरित्र वाचताना मी येथे बराच वेळ थांबलो. शेवटी मुख्य प्रवेशद्वाराचे फाटक तेवढे ठेवून बाकीची काढून नेण्यात आली. बॉल्डविन 14 डिसेंबर 1947 ला झोपेतच वारले.

आणि ते कर्ज? 1917 च्या कर्जाचे व्याज 1932 साली पाचावरून साडेतीन टक्क्यांवर आणले गेले, पण मुद्दल तसेच राहिले. ब्रिटिश सरकारने त्याचे उरलेले रोखे परत घेऊन शेवटचे पैसे चुकते केले ते 9 मार्च 2015 रोजी. तोवर त्या लढाईत लढलेला एकही शिपाई जगात उरला नव्हता.